चौथ्या मात्रेवरचा खोकला

त्या गाण्यात काहीही लपवलेलं नव्हतं, हे मी आधीच सांगून ठेवतो. ऑफिसात लेखी खुलासा देऊन झाला, घरी तोंडी देऊन झाला, आणि इथे हा तिसरा. तिन्ही खुलाशांत एका शब्दाचा फरक नाही. असता तर मी स्वतःच पकडला असता. बावीस वर्षं मी लोकांच्या दौऱ्याची बिलं तपासतो आहे. ज्या तारखेला साहेब जिवतीला गेले म्हणतात, त्या तारखेला जिवतीची एसटी घाटात बंद पडली होती, हे मला तोंडपाठ असतं. संशय हा माझा स्वभाव नाही, ते माझं टेबल आहे.

तर झालं असं की तालुका महोत्सवासाठी ‘आपल्या परिसराची ओळख’ या विषयावर स्वरचित गाणी मागवली होती. आता आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात परिसर म्हटलं की माणसाला पहिला वाघ सुचतो. एकूण सतरा गाणी आली, त्यांतली बारा वाघाची. उरलेल्या पाचांतल्या चारांत किल्ला होता, आणि त्या किल्ल्यावरही तिसऱ्या कडव्यात वाघ चढला होता. सतरावं माझं. ते आमच्या वसाहतीसमोरच्या धरमकाट्यावर होतं.

धरमकाटा म्हणजे गाड्या मोजायचा काटा. रस्त्याच्या कडेला लोखंडी फलाट, शेजारी एक खिडकीवाली खोली, वर भोंगा. त्यात बघण्यासारखं काही नाही, हे मला मान्य आहे. पण राजुऱ्यात आमच्या भागाचा पत्ता त्याच्यावाचून कोणाला सांगता येत नाही. कुरिअरवाला, लाईटबिलवाला, माझे सासरे, सगळे ‘काट्याच्या मागं’ असंच विचारत येतात. कापसाच्या दिवसांत सकाळी आठपासून खोलीतून देवाजीभाऊचा आवाज सुरू होतो, “सहासष्ट शून्य आठ, भरती, पाच हजार आठशे चाळीऽऽस!” ट्रॅक्टरवाल्यांना लांबून आकडा दिसत नाही म्हणून तो भोंग्यावरून पुकारायची पद्धत आहे. एकोणीस वर्षं तो पुकारतो आहे, आणि चाळीसातला ‘ळी’ असा काही ओढतो की ऐकणाऱ्याला आपल्या कापसाचा अभिमान वाटावा. मधून मधून तो खोकतो. काट्यावर रुई उडते, तिथे सगळेच खोकतात. पण देवाजीभाऊचा खोकला वेगळा होता. आधी एक कोरडा ठोका आणि मागून एक बारीक ओढ. जयंतीच्या मिरवणुकीपुढे आणि भीमगीतांच्या कार्यक्रमांत वीस वर्षं कीबोर्ड वाजवलेल्या माणसाला असा ठोका फुकट जाऊ देववत नाही.

मी गच्चीतून मोबाइलवर रोज थोडं थोडं रेकॉर्ड केलं. दोनशे अकरा तुकडे जमले. त्यांतले ‘भरती’चे म्हणजे भरल्या गाडीचे आणि ‘खाली’चे म्हणजे रिकाम्या गाडीचे आकडे घेतले, त्यांच्यामागे कीबोर्डचा एक घुमणारा सूर ठेवला, आणि तो एक खोकला घेऊन प्रत्येक चौथ्या मात्रेवर बसवला. नागपूरला शिकणाऱ्या आमच्या रोशनीला गाणं पाठवलं. तिचा लगेच फोन आला.

“बाबा, तुम्हाले माहीत हाय का तुम्ही काय केलं? हे सिंथपॉप हाय!”

मला वाटलं काही गुन्हा झाला. तिने समजावून सांगितल्यावर कळलं की कीबोर्डच्या यंत्रसुरांवर गाणं रचायचा हा एक रीतसर प्रकार आहे आणि परदेशात लोक तो जाणूनबुजून करतात. त्या दिवसापासून ‘काय चाललंय?’ असं कोणी विचारलं की मी ‘सिंथपॉप’ असं सांगू लागलो. रोशनीने गाणं इंटरनेटवर टाकलं, आणि आठ दिवसांत ते राजुऱ्यातल्या प्रत्येक ट्रॅक्टरवर, ऑटोवर आणि दोन लग्नांत वाजलं. शाळेतली पोट्टी रांगेत चालताना चौथ्या पावलाला खोकू लागली.

इथून माझे दिवस फिरले. गाणं आवडलं असं कोणी म्हणेना. जो तो मला बाजूला घेऊन ‘हे नेमकं कोणाबद्दल आहे?’ असं विचारू लागला.

पहिले आले लच्छूभाऊ. हे समोरच्या घरातले निवृत्त कंडक्टर. आयुष्यभर लोकांची तिकिटं तपासल्यामुळे त्यांचा आणि माझा स्वभाव जुळतो, म्हणून आमचं पटत नाही.

“दुर्गेबाबू, खरं सांगा. नगरसेवकीले उभे राहून राह्यले का?”

“नाही हो. गाणं आहे नुसतं.”

“असंच म्हनते जो तो. आधी गानं, मंग बॅनर. मी सांगतो तुमाले, ते खोकनं काढून टाका. वार्डात दमेकरी लय हायेत. मतं जातीन.”

दुसऱ्या दिवशी सहासष्ट शून्य आठचा मालक आला. त्याच्या गाडीचा नंबर गाण्यात का घेतला, एवढंच त्याला विचारायचं होतं, पण विचारताना तो तीन वेळा रस्त्याकडे पाहत होता. त्या तारखेला आपण वणीला सासरवाडीत होतो असं त्याने घरी सांगितलं होतं, हे त्याने न विचारताच मला सांगितलं. चोराच्या मनात चांदणं ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, पण चांदणं माझ्याच ओट्यावर येऊन बसेल असं वाटलं नव्हतं.

ऑफिसात तर कागदच निघाला. ‘सेवेत असताना पूर्वपरवानगी न घेता वजनविषयक मजकुराचे गीत प्रसारित केल्याबाबत खुलासा सादर करणे.’ मी खुलासा दिला की गीत वजनविषयक नसून काटाविषयक आहे. साहेबांनी त्यावर ‘तपासावे’ असा शेरा मारला. तपासणीचं टेबल माझंच, त्यामुळे फाइल माझ्याकडे आली. मी तिच्यात दोन त्रुटी काढल्या आणि परत मलाच पाठवली. ती अजून फिरते आहे.

आणि घरी माधवी. माधवी शाळेत शिकवते, तिचा कान तयार आहे. तिने गाणं एकदा ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं, आणि मधेच थांबवलं.

“रोशनीचे बाबा, हे मागं आऽऽ करून राह्यली ते कोण?”

“तो कीबोर्डचा टोन आहे. चौसष्ट नंबरचा.”

“नाव काय तिचं?”

“चौसष्ट.”

“ऑफिसातली हाय का?”

मी कीबोर्ड आणून दाखवला, बटण दाबून दाखवलं. ती बाई त्यातून पुन्हा आऽऽ म्हणाली. माधवी म्हणाली, “हं.” आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली, त्या ‘हं’चा अर्थ मला कळतो. पुढचे चार दिवस माझ्या डब्यात फक्त पोळी आणि लोणचं होतं.

या सगळ्या गडबडीत एक गोष्ट माझ्या कानाला खटकली. देवाजीभाऊ खोकायचा बंद झाला होता. आकडे पुकारायचा, पण आवाज सुकलेला, ‘ळी’ आखूड. आणि मी सकाळी गच्चीत दिसलो की खिडकीतून तोंड फिरवायचा. मला लगेच संशय आला की याला मानधन पाहिजे असणार. आवाज त्याचा, खोकला त्याचा, नाव माझं. मला मात्र वेगळंच टोचत होतं. गाणं माझं असूनही लोक त्याला ‘देवाजीचं गानं’च म्हणत होते.

रविवारी सकाळी खुद्द धनराजशेठ घरी आले. धनराजशेठ म्हणजे काट्याचे मालक. कापसाची खरेदीही तेच करतात. हातात काजूकतलीचा डबा. इतक्या वर्षांत हा माणूस माझ्याशी बोलला होता तो एकदाच, ‘गाडी काढा’ म्हणून.

“दुर्गेसाहेब, तुमी तर आमच्या काट्याचं सोनं केलं. मी महोत्सवाच्या समितीत हाय. पह्यला नंबर तुमचाच. फक्त ते नऊ नंबरची अट...”

नऊ नंबरची अट मला माहीत होती. ‘रचना स्वतःची असल्याबाबत मूळ ध्वनिमुद्रण सादर करणे बंधनकारक राहील.’

“मूळ रेकॉर्डिंगं मले द्या. तारीख, वेळ, सगळ्यासकट. मी जातीनं समितीत दाखल करतो. बाकी कोनाच्या हातात देऊ नका, जमाना खराब हाय.”

मी हो म्हटलं. बावीस वर्षांत एकाही बिलावर डोळे मिटून सही न केलेला मी, त्या काजूकतलीपुढे हो म्हणालो. उद्या सकाळी नेतो म्हणून ते गेले. जाताना मला साहेब म्हणाले, हेही लिहून ठेवतो, कारण माझ्या घसरण्यात त्या शब्दाचा वाटा आहे.

आता मन मोठं करावं म्हणून मी एक शाल घेतली आणि देवाजीभाऊचा सत्कार करायला काट्यावर गेलो. कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. खिडकीत मान घालून मी आनंदाची बातमी सांगितली, की पहिला नंबर पक्का आहे आणि शेठ स्वतः मूळ रेकॉर्डिंग नेणार आहेत.

देवाजीभाऊचा हात माइकवरून खाली आला.

“देऊन टाकले का, बाबू?”

“उद्या सकाळी देतो.”

तो स्टुलावर बसला. शाल मी त्याच्या खांद्यावर टाकली ती त्याला कळलीही नाही. शेजारी खुर्चीत शेठचा मुनीम खिशात हात घालून बसला होता, त्याच्याकडे एकदा बघून देवाजीभाऊ म्हणाला, “जा बाबू तुमी. गाड्या हायेत.”

मी रांगेतून परत निघालो तर दंडाला हिसका बसला. जिवतीकडच्या कमळाबाई. ट्रॅक्टर पोरगा चालवतो, पण कापूस त्यांचा आणि आवाजही त्यांचाच. त्यांनी मला ट्रॉलीच्या मागे ओढलं.

“तुमीच ना ते गान्यावाले?”

“सिंथपॉप,” मी म्हणालो.

“काय असन ते. आमचा खोकला काऊन चोरला?”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. “तुमचा?”

“आमचा नाई त मंग कोनाचा? तो मुनीम पाह्यला का? खिशात बटन हाय त्याच्या. दाबलं का आकडा उतरते, साठ-सत्तर किलो. देवाजीभाऊले समोर दिसते सगळं. तोंडानं बोलला त दुसऱ्या दिवशी घरी. म्हनून तो खोकलते. तो खोकलला का आमी म्हनतो, ट्रॅक्टर तिरपा लागला जी, पुन्हा काटा करा. दुसऱ्या खेपेले मुनीमची हिंमत होत नाई. सात वर्सं झाली. ना कोनाशी भांडन, ना बोंबाबोंब. त्याची नौकरी बी राह्यली, आमचा कापूस बी.”

मी ट्रॉलीआडून खिडकीकडे पाहिलं. मुनीमचा हात अजून खिशातच होता.

“आन तुमी तो खोकला चवथ्या चवथ्यावर लावून देल्ला! हर ट्रॅक्टरवर वाजून राह्यला. खरा कोनता, तुमचा कोनता, आमी कसं वळखाव? आन आता शेठच्या ध्यानात आलं. तारखा भेटल्या का तो पावत्या काढन, कोन्या गाडीले खोकलला ते लावून पाहीन, आन देवाजीभाऊले हाकलून देईन. त्याची पोरगी नर्सिंगले हाय, दुसरं वर्स. समजलं का?”

समजलं. दोनशे अकरा तुकडे, प्रत्येकावर तारीख आणि वेळ. बिलं तपासणाऱ्याला याहून चांगला पुरावा मिळत नाही, आणि तो मी स्वतःच्या हाताने तयार केला होता. सात वर्षं हा माणूस माझ्या गच्चीखाली रोज नोकरी पणाला लावत होता, आणि मी त्यातून ठेका काढला. मला माझी फार लाज वाटली. सगळ्या तालुक्यावर संशय घेतला, आणि जिथे घ्यायला पाहिजे होता तिथे मी काजूकतली खाल्ली.

घरी येऊन माधवीला सगळं सांगितलं. तिने फक्त एवढं विचारलं, “मंग नऊ नंबरची अट?”

“अट गेली.”

“आन पहिला नंबर?”

मी मोबाइल तिच्यापुढे धरला आणि एकेक करत सगळे तुकडे पुसले. साडेतीन महिन्यांच्या सकाळी होत्या त्यात. मागे कुठे माधवीची हाक होती, ‘चहा थंडा होते जी’, कुठे पोपटांचा थवा होता. शेवटचा पुसताना बोट थांबलं, ते तिने धरून दाबलं.

सोमवारी आठला शेठ हजर. मी रात्रभर घोकलेलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि ‘मोबाइल’ एवढ्याच शब्दावर अडकलो. खोटं बोलणाऱ्यांना पकडायची सवय असली तरी बोलायची नाही. शेठची नजर बारीक झाली. तेवढ्यात आतून माधवी आली, हातातलं लाटणं तसंच.

“रेकॉर्डिंगं मी पुसली. सगळी. त्याच्यात एका बाईचा आवाज होता. आऽऽ करे. याहीले इचारलं कोण, त म्हनते चौसष्ट!”

शेठ माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली. वसाहतीत माझी जी काही पत होती ती त्या क्षणी गेली, कारण लच्छूभाऊ ओट्यावर उभे राहून ऐकत होते. पण शेठ गेले.

पुरावा नसला तरी संशय असतो. गुरुवारपासून शेठने काट्यावर मशीन बसवलं. बोलणारं. देवाजीभाऊला ‘आता गरज नाही’ म्हणून सांगितलं. मी ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि गच्चीत जाऊन उभा राहिलो. शेजारी माधवी. खाली फाटकाबाहेर देवाजीभाऊ शाल पांघरून उभा होता. रांगेत पहिला ट्रॅक्टर कमळाबाईंचा.

भोंग्यातून एक गोड आवाज आला, “कुल वज़न, पाँच हज़ार छह सौ दस किलोग्राम. धन्यवाद.”

“ही चौसष्ट नंबरवाली त नाई ना?” माधवीने विचारलं.

एकोणीस वर्षांत तिथे पहिल्यांदाच देवाजीभाऊशिवाय आकडा पुकारला गेला. मशीनला घसा नव्हता. कमळाबाई ट्रॅक्टरवरून उतरल्या, पदर सारखा केला, मुनीमच्या खिशाकडे पाहिलं, आणि खोकल्या. आधी एक कोरडा ठोका, मागून बारीक ओढ. हुबेहूब.

मागच्या ट्रॅक्टरवरचा खोकला. त्याच्या मागचा खोकला. मग सहासष्ट शून्य आठचा मालक. आणि मग सगळी रांग, फाट्यापर्यंत. दोन महिने तेच गाणं ऐकून ऐकून सगळ्यांच्या अंगात ते भिनलं होतं, त्यामुळे कोणी वाटेल तसं खोकत नव्हतं. तीन मात्रा गप्प, चौथीला खोकला. समोरच्या ओट्यावर लच्छूभाऊही चौथीला खोकत होते, ज्यांना कापसाचं एक बोंडही विकायचं नव्हतं.

शेठ बाहेर धावले. “काय लावलं बे हे?”

“रुई उडते जी,” कमळाबाई म्हणाल्या. “घशात जाते. ट्रॅक्टर बी तिरपा लागला असन. पुन्हा काटा करा.”

पुन्हा काटा झाला. पाँच हज़ार छह सौ अस्सी. धन्यवाद. पुढच्या ट्रॅक्टरला पुन्हा तेच, खोकला आणि पुन्हा काटा. दुपारपर्यंत दहा गाड्या जेमतेम झाल्या आणि मागच्या तीस वळून दुसऱ्या काट्याकडे निघून गेल्या. शुक्रवारी रांगच लागली नाही. शनिवारी शेठने देवाजीभाऊला परत कामावर ये म्हणून निरोप धाडला.

एक अट मात्र घातली. कामाच्या वेळेत खोकणार नाही, असं लिहून दे. देवाजीभाऊ ते लिहून घ्यायला माझ्याकडे आला. मी चांगला कागद काढला आणि लिहिलं, ‘मी लिहून देतो की, कामाचे वेळी मी स्वतः खोकणार नाही.’ ‘मी स्वतः’ हे दोन शब्द मी मुद्दाम घातले. शेठने वाचलं, सही घेतली. त्यांना त्रुटी दिसली नाही. ते आमच्या ऑफिसात एक दिवस टिकले नसते.

महोत्सवात पहिला नंबर वाघाला मिळाला. माझं गाणं ‘मूळ ध्वनिमुद्रणाअभावी’ बाद झालं, आणि समितीच्या पत्रात माझं नाव अश्वजितऐवजी अजित छापून आलं. राजुऱ्यात अजूनही ते देवाजीचंच गाणं आहे. चौसष्टचं प्रकरण तेवढं माझ्या नावावर राहिलं.

काट्यावर आता कोणी खोकत नाही. तशी वेळच येत नाही, असं कमळाबाई सांगतात. मुनीम हात मांडीवर ठेवून बसतो. मी विश्वास ठेवत नाही. माझी खुर्ची गच्चीतच असते.

मागच्या आठवड्यात मला सर्दी झाली, खरीखुरी. सकाळी गच्चीत चहा घेत होतो. खाली देवाजीभाऊने पुकारलं, “भरती, पाच हजार चारशे चाळीऽऽस!” आणि मला खोकला आला. आवरेना. आधी ठोका, मागून ओढ.

काटा थांबला. ट्रॅक्टरवाल्याने गच्चीकडे पाहिलं. मुनीम खुर्चीवरून उठून दारात आला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला. शेठ आतून ओरडले, “पुन्हा घ्या, पुन्हा घ्या!” ट्रॅक्टर मागे गेला, पुढे आला. साऱ्या रांगेने श्वास धरला होता. मीही.

मग भोंगा खरखरला.

“पाच हजार चारशे चाळीऽऽस. दुर्गेबाबू, हळद-दूध घ्या. काटा बरोबर हाय.”